पंडिता रमाबाई : झोळी आणि हिशेब

कलबुर्गी-सोलापूरकडून पुण्यास जाताना दौंड मागे पडले की थोड्याच वेळात केडगाव नावाचे लहानसे स्थानक लागते. गाडीतील बहुतेकांना त्या नावाचे विशेष काही वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळाने घरदार हरपलेल्या शेकडो मुली आणि विधवा याच माळावर आश्रयाला आल्या. त्यांना तेथे आणणारी बाई कन्नड मुलखातील अरण्यात जन्मली होती आणि मराठी घरात वाढली होती. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. पंडिता रमाबाईंचे चरित्र त्यांपैकी कोणत्या विभागात छापावे, असा प्रश्न संपादकांना पडला तर त्याचे उत्तर सोपे नाही.

रमाबाईंविषयी आपण शाळेत दोन गोष्टी शिकतो. एक, त्या संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या. दुसरी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या दोन गोष्टींच्या पलीकडे त्यांच्या आयुष्यात एक तिसरी गोष्ट होती, ती म्हणजे प्रवास. हा प्रवास हौसेचा नव्हता. परक्यांच्या लेकींसाठी पैसा उभा करायचा, त्यासाठी समुद्र ओलांडून अनोळखी लोकांपुढे उभे राहायचे आणि परत आल्यावर पै-पैचा हिशेब द्यायचा, असा तो प्रवास होता. दुसऱ्याचा पैसा घेतला की त्याच्या अटीही घ्याव्या लागतात. घेतलेल्या पैशाशी इमान राखायचे आणि आपल्या मनाशीही राखायचे, ही कसरत रमाबाईंना जन्मभर करावी लागली. या लेखात त्याच दृष्टीने त्यांच्या चरित्राकडे पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घाटातील गंगामूळ येथे झाला. त्या वेळी हा प्रदेश म्हैसूर संस्थानात होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. घराणे मंगळूरकडे स्थायिक झालेले. तरुणपणी पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरची स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले होते, आणि आपल्या घरातही हे व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नात अवघ्या नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी शिकविले, आणि त्याबद्दल उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडली. घर अरण्यात असले तरी तेथे विद्यार्थी येत, अतिथी येत, आणि शास्त्रीबुवांचा हात सढळ होता. धर्मकृत्यांत आणि अन्नदानात जमीनजुमला संपत आला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावर देऊन नेले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे या बाईचा प्रवास पाय फुटण्याआधीच सुरू झाला होता.

पुढची सोळा वर्षे हे कुटुंब भारतभर हिंडत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून शास्त्रीबुवा पुराण सांगत. श्रोते पोथीपुढे पैसे, धान्य, फळे ठेवीत. मागायचे नाही, कोणी ठेविले ते घ्यायचे आणि त्यातलेही काही दानधर्मात द्यायचे, अशी घरची रीत होती. लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून मुलीला संस्कृत शिकविले. शाळेचे तोंड न पाहता रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. वाटेवर ऐकता-ऐकता कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली याही भाषा त्यांना येऊ लागल्या.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी उरले नाही आणि पोथीपुढे पडणारे धान्य थांबले. या कुटुंबाला भीक मागण्याची सवय नव्हती आणि अंगमेहनतीचे काम कधी शिकविलेले नव्हते. होते-नव्हते ते विकून झाल्यावर उपास पडू लागले. १८७४ मध्ये वृद्ध अनंतशास्त्री वारले. उरलेली माणसे चालत रायचूरपर्यंत आली. काही महिन्यांत लक्ष्मीबाईही गेल्या. आईचे प्रेत स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली; तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंचीने ठेंगण्या असल्यामुळे त्यांनी तिरडीचे आपले टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. भुकेने माणसाचे काय होते हे या मुलीला कोणाच्या सांगण्यावरून कळले नव्हते. वीस-बावीस वर्षांनी मध्य प्रांतातील दुष्काळाची बातमी ऐकून पुण्यातील प्रौढ रमाबाई लगोलग का उठल्या, याचे उत्तर त्या वाटेवर आहे.

भाऊ-बहीण पुढे उत्तरेकडे निघाले. जवळजवळ सारा प्रवास पायी होता. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रातील वचने जागच्या जागी सांगते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाहही नोंदणीचा. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या तेव्हा सुधारक मंडळींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात हे सांगितले, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. वैद्यकी शिकावी म्हणून त्यांना इंग्लंडला जायचे होते. त्या पुस्तकाच्या विक्रीतून जहाजाच्या भाड्याची सोय झाली. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने ज्यांना टाकून दिले अशा स्त्रियांची सेवा या जोगिणी करतात, हे पाहून त्यांच्यावर फार परिणाम झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. तिकडे त्यांच्या कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या.

ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी स्वतःची बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. चर्चचे कोणते मत का मानावे, याबद्दल वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचे पत्रांतून खटके उडत. धर्म मी स्वीकारला आहे, पण माझा विचार गहाण ठेवलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा भाग समजणे सोपे जाते.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेहून बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रमाबाईंच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभाला यावे असे प्रमुख रेचेल बॉडली यांनी कळविले. फेब्रुवारीत लिव्हरपूलहून निघून रमाबाई फिलाडेल्फियास पोहोचल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळताना त्यांनी पाहिले. वर्षभराच्या आत, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई पुण्यास क्षयाने वारल्या. त्यांच्या हातून जे व्हायचे राहिले, त्याची जबाबदारी जणू मागे राहिलेल्या रमाबाईंवर आली.

समारंभासाठी काही आठवड्यांकरिता आलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. मनोरमेला काही काळाने इंग्लंडला परत पाठवावे लागले. मायलेकी पत्रांतून भेटत. परक्या मुलींच्या आईपणासाठी आपल्या मुलीला दूर ठेवावे लागले, ही त्या प्रवासाची एक किंमत होती.

मनात योजना ठरली होती. हिंदुस्थानात उच्चवर्णीय बालविधवांसाठी एक निवासी शाळा काढायची. तेथे त्यांना लिहावाचायला शिकवायचे, पोट भरता येईल असे काम शिकवायचे आणि आपल्या रीतीभाती पाळायची मोकळीक द्यायची. त्यासाठी आधी त्यांनी स्वतः शिकून घेतले. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी शाळांना उपयोगी पडतील अशी पुस्तके तयार करू लागल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियास त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. प्रस्तावना बॉडलीबाईंची होती आणि अर्पणपत्रिका आई लक्ष्मीबाईंना. पुस्तक भराभर खपले आणि त्याच्या उत्पन्नातून कार्याला पहिले भांडवल मिळाले.

मग व्याख्याने सुरू झाली. पांढरे लुगडे नेसलेली, आखूड केसांची, ठेंगणी, ऐकू कमी येणारी ही बाई गावोगाव सभांतून उभी राहू लागली. अमेरिकेत त्यांनी पोशाख बदलला नाही आणि मांसाहार तर जन्मात केला नाही. संयुक्त संस्थाने आणि कॅनडा मिळून त्यांनी सुमारे तीस हजार मैल प्रवास केला असे सांगतात. रेल्वेने अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत त्या गेल्या. लहानपणी वडिलांच्या पोथीपुढे श्रोते काय ठेवतील त्याची वाट पाहणारी मुलगी आता स्वतः मागत होती, मात्र स्वतःसाठी नव्हे.

या मागण्यात एक शिस्त होती. सभेत टोपी फिरवून जमेल तेवढे गोळा करावे आणि घेऊन जावे, हा मार्ग त्यांनी धरला नाही. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे शाळेचा खर्च चालविण्याचे वचन दिले. गावोगावी रमाबाई मंडळे निघाली. त्यांच्या सभासदांनी दरसाल एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. श्रीमंताची एक मोठी थैली मिळविण्यापेक्षा हजारो साध्या स्त्रियांचा वर्षाला एक डॉलर त्यांना अधिक भरवशाचा वाटला असावा. मोठ्या देणगीदाराची मर्जी फिरली की संस्था बसते. हजार लहान हातांची मर्जी एकदम फिरत नाही. पैसा असोसिएशनच्या खजिनदाराकडे जमा व्हायचा, खर्चावर कार्यकारी मंडळाची देखरेख असायची आणि वर्षाच्या शेवटी अहवाल छापायचा. गरिबाच्या कार्यासाठी झोळी धरणाऱ्यांनी आजही पाहावा असा हा नमुना आहे.

असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रूक्स होते, काँग्रिगेशनल पंथाचे लायमन ॲबट होते, मद्यपानबंदीच्या चळवळीतील फ्रान्सेस विलर्ड होत्या. एरवी या पंथांचे आपसांत पटत नसे. ते एकत्र आले याचे कारण म्हणजे शाळा कोणत्याही पंथाची असणार नाही आणि विद्यार्थिनींना धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, पैसा ख्रिस्ती लोकांचा होता, आणि शाळा मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ! हा करार ऐकायला सरळ होता. तो पाळणे किती अवघड, ते पुढे कळायचे होते.

१८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपानमार्गे त्या १ फेब्रुवारी १८८९ रोजी मुंबईस उतरल्या. म्हणजे पूर्वेचा माणूस पश्चिमेला जाऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आला. या प्रवासावर त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्यात देशवर्णनाबरोबर तेथील स्त्रिया संघटित होऊन कशा कामे करतात, याची माहिती आस्थेने दिलेली आहे.

अवघ्या सहा आठवड्यांत, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे होत होती. आरंभी विद्यार्थिनी दोन. त्यांतील बालविधवा गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. बोस्टनच्या कोणा गृहिणीने वर्षाला दिलेल्या डॉलरचा प्रवाह असा कोठून कोठे गेला, हे मनात आणण्यासारखे आहे.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. मुली वाढू लागल्या आणि तेथेच वाद पेटला. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझी प्रार्थना मी चोरून का करावी, आणि आलेल्या मुलीला हाकलून का द्यावे? सल्लागारांचे म्हणणे असे, की या मुली लहान आहेत, आश्रित आहेत; जिच्या हातचे खातात तिच्या उघड्या दाराचे वजन त्यांच्या मनावर पडणारच, आणि पालकांनी त्यांना तटस्थतेच्या शब्दावर येथे पाठविले आहे. केसरीने तर सडकून टीका केली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सदनाशी संबंध तोडला आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादात एक बाजू सर्वस्वी खोटी आणि दुसरी सर्वस्वी खरी, असा निवाडा देता येणार नाही. रमाबाईंनी सक्ती केल्याचे दिसत नाही. परंतु आश्रिताची मोकळीक किती मोकळी असते, हा सल्लागारांचा प्रश्नही पोकळ नव्हता. इतके मात्र म्हणता येईल, की लोकांची माने सांभाळण्यासाठी रमाबाईंनी दार लावून घेतले नाही, आणि दार उघडे ठेवल्याची जी किंमत पडली तीही नाकारली नाही. बोस्टनच्या मंडळींनी चौकशी करून त्यांच्यावरचा विश्वास कायम ठेवला. कार्यकारी मंडळाच्या ज्युडिथ अँड्र्यूजबाई स्वतः पुण्यास येऊन सदन पाहून गेल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाई तिकडे निघाल्या. सरकारी अन्नछत्रे आणि अनाथगृहे त्यांनी हिंडून पाहिली. भुकेने हाडे उरलेल्या तरुण मुलींना फसवून नेणारी माणसे तेथे टपलेली होती. अन्न नसल्यापेक्षा हे अधिक भयंकर. पैसा किती आहे, जागा किती आहे, याचा हिशेब नेहमी आधी करणाऱ्या रमाबाईंनी या वेळी तो मागे ठेवला आणि आधी मुली आणल्या. सुमारे तीनशे जणी आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि इतक्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर केडगावास रमाबाईंनी सदनाच्या उत्पन्नासाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढे मुक्ती सदन झाले.

आता पेच असा होता. शारदा सदनाला बोस्टनचा पैसा तटस्थतेच्या अटीवर मिळत होता. मुक्तीतल्या मुली निराळ्या होत्या. त्यांत अनेक जातींच्या होत्या, बहुतेकींना विचारणारे कोणी नव्हते, आणि हे काम रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती सेवाकार्य म्हणून हाती घेतले होते. नेमकी याच वेळी असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपत आली. पत्र पाठवून मदत चालू ठेवण्याची विनंती करता आली असती. पण रमाबाई १८९८ मध्ये पुन्हा स्वतः अमेरिकेस गेल्या. मागे प्लेग आणि दुष्काळ, हाताशी शेकडो मुली, आणि पुढे दोन समुद्रांचा प्रवास. तरीही ज्यांनी दहा वर्षे डॉलर-डॉलर दिला त्यांना समोर उभे राहून हिशेब देणे त्यांना आवश्यक वाटले.

बोस्टनच्या सभेत त्यांनी दहा वर्षांचे काम मांडले. किती मुली शिकल्या, किती शिक्षिका झाल्या, किती संसारी झाल्या, पुण्यात उभी राहिलेली मालमत्ता कशी आहे, हे सारे सांगितले. त्याचबरोबर यापुढे आपले काम ख्रिस्ती म्हणूनच चालणार, हेही त्यांनी लपविले नाही. मदत हवी असताना देणाऱ्याला अडचणीची वाटेल अशी गोष्ट आधी सांगणे, याला धैर्य लागते. जुनी संस्था ठरल्याप्रमाणे विसर्जित झाली आणि अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने नवी संस्था उभी राहून मदत चालू राहिली. पहिल्या प्रवासात त्यांच्यामागे एक पुस्तक आणि एक कल्पना होती. दुसऱ्या प्रवासात दहा वर्षांचा जमाखर्च होता.

परत आल्यावर केडगावचा व्याप वाढतच गेला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आणि स्त्रिया आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांना नुसते दानावर पोसणे हे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते. दुष्काळात आपल्या घराची जी गत झाली, तिचे एक कारण हाताला काम ठाऊक नव्हते हे होते, याचा त्यांना विसर पडला नव्हता. म्हणून केडगावास शेती होती, विणकाम होते, शिवणकाम होते, छापखाना होता, आणि तो मुलीच चालवीत. खिळे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंत. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन, वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन अशी निरनिराळी घरे होती. मदत आता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतूनही येत होती.

दुष्काळात आणलेल्या निराधार मुलींनी ख्रिस्ती व्हावे, यावर त्या काळी टीका झाली आणि आजही होते. रमाबाईंचे चरित्र लिहिताना ती वगळणे प्रामाणिकपणाचे नाही. मात्र त्या मुलींना त्या वेळी दुसरे दार कोणते उघडे होते, हा प्रश्न टीकाकारांनीही स्वतःला विचारला पाहिजे. कर्वे यांच्यासारख्या थोड्यांनी तो विचारला आणि स्वतः दार बांधायला घेतले. रमाबाईंना सर्वांत चांगले उत्तर त्यांनीच दिले असे म्हटले पाहिजे.

मनोरमाबाई शिकून आईच्या कामाचा आधार झाल्या. १९१२ च्या सुमारास मायलेकींनी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, शाळा काढली. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने फार मागे होता. आई जेथे गेली त्या मुलखाकडे, जन्माच्या कन्नड भाषेकडे, रमाबाई अशा परत वळल्या.

अखेरची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. लक्ष्मीबाईंकडून पहाटे संस्कृत शिकणारी मुलगी आता म्हातारपणी, ऐकू न येणाऱ्या कानांनी, नव्या लिप्या गिरवीत होती. शिकलेल्यांनाच कळेल अशी भाषा त्यांना नको होती. केडगावच्या माळावरील मजूर बाईला वाचता यावी अशी सोपी मराठी हवी होती. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे पदक दिले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारल्या. जिला दूर ठेवून आईने परक्या मुलींसाठी तीस हजार मैल प्रवास केला, ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावास त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.

रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आपली मते काहीही असोत, दुसऱ्याच्या दुःखासाठी पैसा कसा मागावा आणि कसा वापरावा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आपल्या महाविद्यालयातही पूर आला, दुष्काळ पडला की विद्यार्थी डबे घेऊन बाजारपेठेतून फिरतात, आणि ते चांगलेच आहे. पण गोळा झालेले किती, पोहोचले किती, आणि ज्याने रुपया टाकला त्याला ते कोणी सांगितले, हे प्रश्न डबा रिकामा झाल्यावर बहुधा कोणी विचारीत नाही. रमाबाई हा प्रश्न स्वतःला विचारीत, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जात. त्यांनी जगापुढे झोळी पसरली. तिच्यात काय पडले ते मोजून सांगितले. आणि तिच्यात आपली मान मात्र कधी घातली नाही.